आय-७ घेतला असता तरी गेम अडकलाच असता

प्रश्न असा आहे: ‘इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जळगावला होस्टेलवर राहतो. लॅपटॉप आय-५ १२३५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. व्हॅलोरंट सुरुवातीला छान चालतं, पण दहा-पंधरा मिनिटांत एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) निम्म्यावर येतो. जीटीए ५ मध्ये गाडी पळवताना झटके बसतात. रूममेटचाही बाराव्या पिढीचा आय-५च आहे, त्याच्याकडे दोन्ही गेम नीट चालतात. दुकानदार म्हणतो आय-७ घ्यायला हवा होता. हा विकून आय-७ घेऊ, की बाबांना सांगून गेमिंग लॅपटॉपच घेऊ?’

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. विकू नका. बाबांना एवढ्यात काही सांगू नका. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर या दोन गेमसाठी पुरेसा आहे. त्याला पोटभर मिळत नाहीये, एवढंच.

तुम्ही एक तक्रार म्हणून लिहिलंय, पण ती दोन वेगळी दुखणी आहेत. पंधरा मिनिटांनी वेग पडणं हे उष्णतेचं आणि वॉटचं लक्षण. गाडी पळवताना झटके बसणं हे मेमरीचं. तिसरी गोष्ट रूममेटची. त्याचाही आय-५, तरी त्याचं नीट चालतं, म्हणजे फरक नावात नाही, आतल्या मांडणीत आहे. मी अकोल्यात सतरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. ‘गेम अडकतो’ म्हणून येणाऱ्या, वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये मी सगळ्यात आधी रॅमच्या काड्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, मोजतो. प्रोसेसरचा नंबर त्यानंतर बघतो.

काही गोष्टी तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत आणि तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर सोल्डर केलेली आहे, दुसरा स्लॉट आहे का, कंपनीनं प्रोसेसरला किती वॉट सतत खायची मुभा दिली आहे, हे एकाच प्रोसेसरच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगळं असतं. त्यामुळे जिथे ‘बघून ठरवा’ म्हणतोय तिथे खरंच बघूनच ठरवा.

दुकानदाराचं म्हणणं आधी तपासू. तुमच्या आय-५ १२३५यूच्या वरचा त्याच घराण्यातला आय-७ म्हणजे १२५५यू. दोन्हींत दोन मोठे कोअर आणि आठ छोटे कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं). कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी जलद मेमरी, दोन्हींत १२ एमबी. मूळ वीजमर्यादा दोन्हींची १५ वॉट. आय-७ जास्तीत जास्त ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तुमचा ४.४ पर्यंत. ग्राफिक्सचे लहान लहान कामकरी भाग असतात, ज्यांना इंटेल एक्झिक्युशन युनिट म्हणते, ते तुमच्यात ८० आणि आय-७ मध्ये ९६. कागदावर वीस टक्के जास्त. पण त्या ९६ जणांनाही दाणागोटा त्याच रॅममधून यायचा आहे. ८ जीबीची एकच काडी असेल तर तुमचे ८०च अर्धा वेळ हातावर हात ठेवून बसलेले असतात. तिथे आणखी सोळा जण आणून बसवायचे कशाला?

हा दाण्यागोट्याचा भाग नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. जुनं जीटीएक्स १६५० घ्या. जीडीडीआर५ मेमरीच्या त्या कार्डाचा मेमरीशी व्यवहार सेकंदाला १२८ जीबीच्या वेगानं चालतो, आणि तो रस्ता फक्त ग्राफिक्सचा. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला, ज्याला आपण इंटिग्रेटेड म्हणतो, स्वतःचं असं काहीच नसतं. त्याचं टेक्स्चर, त्याची फ्रेम, सगळं साध्या रॅममध्ये, आणि त्याच रॅमवर प्रोसेसरचीही ये-जा. डीडीआर४ ३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी देते. हिशोब सोपा आहे: सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा, दर वेळी आठ बाइट. दोन काड्या दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या दोन वेगळ्या रस्त्यांवर, लावल्या की ५१.२ जीबी. एका नळावर दोन घरं पाणी भरत असतील आणि पाण्याला दाब नसेल, तर मोठी घागर आणून उपयोग नसतो. दुसरा नळ लागतो.

वर्ड, ब्राउझर, कॉलेजचे प्रोग्राम यांत हा फरक जवळपास जाणवत नाही. म्हणून दुकानात लॅपटॉप बघताना सगळं झकास वाटतं. इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर गेम लावला की मात्र एक काडी आणि दोन काड्या यांत साधारण वीस-तीस टक्क्यांचा फरक मी नेहमी बघतो, काही गेममध्ये त्याहून बराच जास्त. आणि सरासरीपेक्षाही जे अधूनमधून एकदम खाली कोसळणं असतं ना, ते कमी होतं. हाताला जाणवतं ते तेच.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा आला होता, बीसीएचा. प्रोसेसर तुमचाच, १२३५यू. त्याची तक्रार वेगळीच होती. खोक्यावर ‘आयरिस एक्सई ग्राफिक्स’ छापलंय आणि विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला की ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसतंय, मला फसवलं, असं त्याचं म्हणणं. बिल सोबत घेऊन आला होता. मी मशीन उलटं केलं, स्क्रू काढले, प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवून झाकण उचललं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. मधोमध रॅमचे दोन स्लॉट. एकात ८ जीबीची काडी, दुसरा रिकामा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकचकीत क्लिपांना कधी हातच लागलेला नव्हता. माझ्याकडची तशीच ८ जीबी डीडीआर४ ३२०० काडी तिरकी सरकवली, खाली दाबली, दोन्ही क्लिपा टक करून बसल्या. चालू केल्यावर बराच वेळ पडदा काळा राहिला. नव्या रॅमची ओळख करून घ्यायला मशीन पहिल्यांदा वेळ घेतं, तेव्हा घाबरून बटण दाबायचं नसतं. विंडोज उघडलं. तोच डिव्हाइस मॅनेजर, आणि आता त्यात ‘आयरिस एक्सई’. पोरगा म्हणाला, ‘काका, तुम्ही ड्रायव्हर कधी टाकला?’

ड्रायव्हर टाकला नव्हता. इंटेलनं या पिढ्यांमध्ये नियमच तसा ठेवलाय. चिप तीच, पण मेमरीचे दोन्ही चॅनेल भरलेले असतील तरच ड्रायव्हर तिला आयरिस एक्सई म्हणतो, नाहीतर नुसतं यूएचडी. म्हणजे तुमचं मशीन स्वतःच सांगतंय त्याला काय कमी आहे. तुम्ही आजच डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खाली काय लिहिलंय बघा. यूएचडी दिसलं तर तुमचं निम्मं निदान एकही स्क्रू न काढता झालं.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असं दिसलं तर आनंदाची गोष्ट, कारण जागा रिकामी आहे. सोल्डर केलेल्या रॅममध्ये ही ओळ कधीकधी चुकीचं दाखवते, म्हणून सीपीयू-झी नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्याच्या मेमरीच्या पानावर चॅनेल बघा. डीडीआर४ असेल तर ‘२ गुणिले ६४ बिट’ पाहिजे. डीडीआर५ मध्ये एकाच काडीचे ३२ बिटांचे दोन भाग असतात, त्यामुळे एक काडी असूनही ‘२ गुणिले ३२’ दिसतं आणि लोकांना वाटतं ड्युअल चॅनेल झालं. झालेलं नसतं. गुणाकार १२८ यायला हवा, तो ६४ आला तर अर्धा रस्ता बंद आहे.

काडी घेताना: १२३५यूबरोबर काही कंपन्या डीडीआर४ लावतात, काही डीडीआर५. दोन्ही एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाचेची जागाच वेगळी आहे. म्हणून आधी बघा आणि मग घ्या. वेग शक्यतो तोच, नाहीतर दोन्ही काड्या हळू असलेल्या काडीच्या वेगानं चालतात. ८ च्या जोडीला ८ सगळ्यात चांगलं. ८ आणि १६ लावली तर १६ जीबीपर्यंतचा भाग दोन्ही चॅनेलवर आणि वरचा ८ जीबी एकाच चॅनेलवर चालतो. वाईट नाही, पण फक्त गेमसाठी त्यासाठी जास्त पैसे घालू नका. ८ जीबी बोर्डावर सोल्डर असून एक स्लॉट रिकामा असेल तरी ८ ची काडी लावून ड्युअल चॅनेल होतं. अवघड प्रसंग एकच: सगळीच रॅम सोल्डर आणि स्लॉट नाही. तसं असेल तर या मशीनचं मेमरीचं दुखणं बरं होणार नाही. मग पुढचं उष्णतेचं आणि सेटिंगचं तेवढं करा आणि त्यात समाधान माना. भावाचा आकडा मी देत नाही, रॅमचे भाव महिन्या-महिन्याला हलतात. लॅपटॉप विकताना जो तोटा सोसाल त्याच्यापुढे मात्र एका काडीचा खर्च बराच लहान असतो. आणि वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुसरी काडी नुसता वेग देत नाही, जागाही देते, आणि जीटीएचे झटके मला त्या जागेचे वाटतात. ८ जीबीमधले तीन-चार जीबी विंडोजच घेऊन बसतं. वर ब्राउझर, डिस्कॉर्ड. त्यातच ग्राफिक्सलाही वाटा द्यायचा, कारण त्याची मेमरी म्हणजे हीच मेमरी. शहरात तुम्ही गाडी हळू चालवता तोवर ठीक. भरधाव निघालात की पुढच्या चौकातल्या इमारती, रस्ते, माणसं भराभर आत आणावी लागतात, जागा नसते, विंडोज काहीतरी उचलून एसएसडीवर टाकतं, पुन्हा आणतं. तो क्षण म्हणजे तुमचा झटका. गेम चालू असताना ऑल्ट-टॅब करून टास्क मॅनेजर बघा. मेमरी नव्वदच्या वर गेलेली दिसली तर माझं म्हणणं पटेल. १६ जीबी झाल्यावर बहुतेक वेळा हे थांबतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण आठवड्यातून एकदा तरी मला हा प्रश्न येतो. डिस्प्लेच्या माहितीत ‘डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी १२८ एमबी’ असं दिसतं आणि मुलांना वाटतं आपल्याकडे फक्त १२८ एमबीचं कार्ड आहे. मग व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) एक आकडा घालतात आणि ५१२ किंवा १०२४ दिसायला लागतं. त्यानं ग्राफिक्सला एक बाइटही जास्त मिळत नाही. फार तर एखादा गेम सुरू व्हायला नकार देत असेल तर तो सुरू होतो. इंटिग्रेटेड ग्राफिक्स गरजेप्रमाणे रॅममधून वाटा घेतच असतं, विंडोज त्याला साधारण निम्म्या रॅमपर्यंत जाऊ देतं. ८ जीबीत ४, सोळात ८. वाटा वाढवायचा खरा उपाय रजिस्ट्रीत नाही, स्लॉटमध्ये आहे.

आता पंधरा मिनिटांनी पडणारा वेग. १२३५यूची मूळ मर्यादा १५ वॉट, पण थोडा वेळ तो ५५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. गेम सुरू होतो तेव्हा प्रोसेसर गार असतो, भरपूर वीज खातो, सगळं पळतं. काही वेळानं लॅपटॉपची कंपनी त्याला खाली आणते. कुणी १५ वर आणतं, कुणी २० वर, कुणी २८ वर. मोठ्या दोन-दोन पंख्यांच्या मशीनमध्ये जास्त, चपट्या मशीनमध्ये कमी. आणि हे वॉट प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटून घ्यायचे असतात, कारण दोघं एकाच चिपमध्ये आहेत. प्रोसेसरनं नऊ वॉट खाल्ले तर ग्राफिक्सला सहा उरतात. रूममेटच्या आणि तुमच्या मशीनमध्ये नाव एकच असूनही फरक पडायचं हे दुसरं मोठं कारण असू शकतं. त्याचा प्रोसेसर ‘पी’ अक्षराचा असेल, उदाहरणार्थ १२४०पी, तर त्याची मूळ मर्यादाच २८ वॉट आहे आणि मोठे कोअर चार.

मर्यादा कंपनीनं घातलीय की उष्णतेनं, हे ओळखता येतं. एचडब्ल्यू-इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून वीस मिनिटं खेळा. मग दोन आकडे बघा: पॅकेज पॉवर आणि तापमान. वॉट १५-२० ला स्थिर आणि तापमान सत्तरच्या घरात, तर ती कंपनीची मर्यादा, तिथे फारसं काही करता येत नाही. तापमान ९५ ते १०० आणि वॉट खाली-वर नाचतायत, तर उष्णता. या प्रोसेसरची सीमा १०० अंश आहे, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग तोडतो.

तुम्ही जळगावला, मी अकोल्याला. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतं आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीसुद्धा हवा तापलेली असते. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली ४० अंशांची असेल तर २५ अंशांच्या एसी खोलीत घेतलेल्या चाचणीचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद. मी उघडतो त्या होस्टेलच्या मशीनमध्ये पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पंखांवर, धूळ आणि कापसाचा एक सलग थर असतो, चिमट्यानं धरला तर फेल्टच्या तुकड्यासारखा अख्खा निघतो. तो काढून, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की तापमान बऱ्याचदा दहा-बारा अंशांनी उतरतं. मशीन दोन उन्हाळे वापरलेलं असेल तर हे करून घ्याच. स्वतः ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, मोकळं सोडून हवा मारली तर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं. मागची बाजू दोन वह्यांवर उचलून ठेवा, टणक टेबलावर. हे आज रात्रीपासून फुकटात होईल.

चार्जरही बघा. मशीनबरोबर ६५ वॉटचा आला असेल आणि तुम्ही मित्राचा ४५ वॉटचा टाइप-सी किंवा मोबाइलचा चार्जर लावत असाल तर मशीन गुपचूप वेग कमी करतं. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ वर ठेवा.

इंटरनेटवर एक उपाय फिरतो: पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, टर्बो (मूळ वेगाच्या वर जाणं) बंद होतो, गरमी कमी होते, ग्राफिक्सला जास्त वॉट मिळतात. काही मशीनमध्ये, ज्यांचा मूळ वेग अडीच-तीन गिगाहर्ट्झ आहे, तिथे हा उपाय खरंच लागू पडतो. तुमच्यात करू नका. १२३५यूच्या मोठ्या कोअरचा मूळ वेग फक्त १.३ गिगाहर्ट्झ आहे. टर्बो बंद केलात तर तो तेवढ्यावरच अडकेल आणि व्हॅलोरंट, ज्याला ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसर जास्त लागतो, आत्ता चालतंय त्याहून वाईट चालेल. त्यापेक्षा गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएसला ६० ची मर्यादा घाला. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर ९० फ्रेम तयार करून तीस तशाच वाया जातात, आणि त्या वाया जाणाऱ्या फ्रेमचीही वीज आणि उष्णता भरावी लागते. सुरुवातीची दहा मिनिटं ९० आणि मग ४५, यापेक्षा तासभर सलग ६० कधीही बरं. साठला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी येते आणि नेम धरायच्या हाताला त्या ठेक्याची सवय होते. ठेका तुटला की नेम चुकतो, सरासरी कितीही चांगली दिसो.

अडतंय कुठे, प्रोसेसरवर की ग्राफिक्सवर, हे कळायला एक साधी चाचणी आहे. गेमचं रिझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा, बाकी काही बदलू नका. पहिल्यात साधारण २० लाख ७३ हजार ठिपके रंगवायचे असतात, दुसऱ्यात ९ लाख २१ हजार, म्हणजे सव्वादोन पटींनी कमी. एफपीएस भसकन वाढला तर अडथळा ग्राफिक्सचा किंवा त्याच्या मेमरीचा होता. जवळपास तितकाच राहिला तर प्रोसेसर अडतोय, आणि ग्राफिक्सची सेटिंग कितीही कमी केली तरी फायदा नाही. जीटीएमध्ये तुम्हाला पहिला प्रकार दिसेल असं मला वाटतं, व्हॅलोरंटमध्ये बहुधा दुसरा. ७२० फार धुरकट वाटलं तर १६०० बाय ९०० वर थांबा. जीटीएमध्ये सावल्या, गवत, एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) आणि रिफ्लेक्शन आधी खाली आणा, टेक्स्चर सगळ्यात शेवटी.

एवढं केल्यावर काय मिळेल? व्हॅलोरंट कमी सेटिंगवर साठला घट्ट, जीटीए ५ ची जुनी आवृत्ती ७२० किंवा ९०० वर आरामात खेळण्याजोगी. मला त्याबद्दल फारशी शंका नाही. पण सायबरपंक २०७७ किंवा त्याच्यासारखे मोठे नवे गेम या मशीनवर समाधान देणार नाहीत, दोन काड्या लावा नाहीतर चार. तिथे इंटिग्रेटेडची मर्यादा खरी आहे, आणि तेच खेळायचं असेल तर गेमिंग लॅपटॉपचा विचार रास्त आहे.

तो विचार करायची वेळ आली तर नंबरांच्या सापळ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण इथे भले भले फसतात. लोक म्हणतात ‘यू नको, एच घे, एच म्हणजे ताकद’. प्रोसेसरपुरतं खरं. पण आय-५ १२४५०एच मध्ये ग्राफिक्सचे भाग फक्त ४८ आहेत, तुमच्या यू मध्ये ८०. का? कारण तो एच प्रोसेसर वेगळं कार्ड लावायच्या हिशोबानं बनलाय, आतलं ग्राफिक्स नुसतं पडदा दाखवण्यापुरतं. आणि तरी वेगळं कार्ड न लावता १२४५०एचचे लॅपटॉप ‘पॉवरफुल’ म्हणून विकले जातात. तसा लॅपटॉप गेमसाठी घेतलात तर तुम्ही जास्त पैसे देऊन मागे जाल.

एएमडीकडेही तेच. रायझन ५ ७५२०यू हा नंबर रायझन ५ ५५००यूपेक्षा मोठा आणि नवा वाटतो. पण ५५००यू मध्ये ‘व्हेगा’ नावाच्या ग्राफिक्सचे सात कोअर आहेत, ७५२०यूच्या रेडिऑन ६१०एम मध्ये दोन. सात हजारांच्या त्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा असतो, तो प्रोसेसरची खरी पिढी सांगतो: ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३, ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ हा नुसता सालाचा आकडा आहे.

वेगळ्या कार्डाशिवायच पण दमदार हवं असेल तर २०२२ मध्ये आलेलं रेडिऑन ६८०एम आणि २०२३ चं ७८०एम, दोन्हींत बारा-बारा कोअर, ही नावं लक्षात ठेवा. रायझन ७ ६८००एच, ७७३५एचएस, ७८४०एचएस, ८८४०एचएस यांत ती सापडतात. इंटेलकडे डिसेंबर २०२३ नंतरच्या कोअर अल्ट्रा एच प्रोसेसरांमधलं आर्क ग्राफिक्स. १२३५यूच्या तुलनेत ही खरी उडी आहे. मात्र दोन्ही चॅनेल भरलेले असण्याची अट यांनाही आहे, उलट जास्तच, कारण भूक मोठी. पुढे जाऊन कंपन्यांनीही हेच ओळखलं. एएमडीनं २०२५ च्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ मध्ये चाळीस कोअरचं ग्राफिक्स घातलं तेव्हा मेमरीचा रस्ता नेहमीच्या १२८ बिटांवरून २५६ बिटांवर नेला, सेकंदाला २५६ जीबी. नुसते कोअर वाढवून भागणार नव्हतं.

वेगळं कार्ड घेतलंत तर नावाबरोबर वॉट विचारा. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० हे लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही असू शकतात, खोक्यावरचं नाव तेच. दुकानदाराला ‘टीजीपी किती’, म्हणजे कार्डाला किती वॉट मिळतात, म्हणून विचारा, सांगता आलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर बघा. आणि त्यातही रॅमची एकच काडी असेल तर दुसरी लावून घ्या. वेगळ्या कार्डाला तिचा त्रास इंटिग्रेटेडएवढा होत नाही, तरी प्रोसेसर अडायला लागतोच.

तुमच्यापुरता क्रम असा: आज मशीन उचलून टेबलावर, ६० ची मर्यादा, चार्जर मूळचा. उद्या डिव्हाइस मॅनेजर, सीपीयू-झी आणि एचडब्ल्यू-इन्फोचे आकडे. चॅनेल एकच निघाला आणि स्लॉट रिकामा असेल तर ८ जीबीची काडी. तापमान शंभरला टेकत असेल तर साफसफाई आणि पेस्ट. काडी आणि पेस्ट एकाच वेळी करून घ्या, झाकण एकदाच उघडेल.

आणि हे करण्याआधी रूममेटच्या लॅपटॉपवर दोन मिनिटं बसा. टास्क मॅनेजर उघडून त्याच्या प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती आणि स्लॉट किती भरलेत ते लिहून घ्या. दोन्ही स्लॉट भरलेले दिसले तर कुणाकडे जायच्या आधी त्यालाच विनंती करा: रविवारी दोघांचीही मशीन बंद करून त्याची एक काडी तासाभरासाठी तुमच्यात लावून बघू, प्रकार आणि वेग जुळत असेल तर. पैसे खर्च करण्याआधी तुमच्या डोळ्यांना फरक दिसेल.